अंकांचे सोबती : दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

गणितज्ञ म्हटले की विद्यापीठातील मोठे प्राध्यापक, परदेशातील उच्च पदव्या, फळाभर पसरलेली अवघड सूत्रे असे काहीसे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. या पाठात ज्यांचे चरित्र आपण वाचणार आहोत, ते मात्र आयुष्यभर एका लहानशा गावातील शाळेत शिक्षक होते. त्यांच्याजवळ बी.एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, आणि संशोधनासाठी वेतन देणारी संस्थाही नव्हती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढ्या भांडवलावर त्यांनी संख्यांच्या जगात भ्रमंती केली आणि जगभरच्या गणितप्रेमींनी आपले म्हणावे असे काही शोधून काढले. हा पाठ वाचताना जवळ कागद व पेन्सिल ठेवावी. कापरेकरांचे चरित्र केवळ वाचून पुरते कळत नाही. ते थोडेसे करूनही पाहावे लागते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू हे मुंबईच्या उत्तरेस, सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, समुद्रकाठी वसलेले गाव. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे छत्र हरपले आणि वडिलांनी त्यांचा सांभाळ केला. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाची विलक्षण आवड होती. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. वडिलांच्या शेजारी बसून पाहता पाहता मुलालाही आकड्यांचा लळा लागला. ग्रहांच्या फलिताकडे मात्र त्यांचे मन वळले नाही. ज्या आकड्यांच्या आधारे ते फलित सांगितले जाई, त्या आकड्यांतच ते रमले.

माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याच्या शाळेत होते. गणिती कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. या महाविद्यालयाला गणिताची मोठी परंपरा होती. केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर हा मान मिळवणारे पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे, यांनी अनेक वर्षे या महाविद्यालयाची धुरा वाहिली होती. त्यांच्याच नावाचे गणिताचे पारितोषिक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पुढील शिक्षण त्यांनी घेतले नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच मुलांना शिकवत राहिले.

शिक्षकाचा दिवस शाळेत जातो आणि संध्याकाळ वह्या तपासण्यात. त्यातून उरणारा वेळ कापरेकरांनी संख्यांना दिला. एखादी संख्या त्यांच्यापुढे आली की ते तिचे अंक उलटसुलट मांडून पाहत, अंकांची बेरीज करीत, वर्ग करून त्याचे तुकडे पाडीत. या खेळातून काही नियम हाती येतो का, याकडे त्यांचे सारे लक्ष असे. आज हे काम संगणक क्षणार्धात करतो. त्या काळी ते एकेक ओळ लिहून, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करून, हातानेच करावे लागे.

त्यांच्या या शोधयात्रेतील एक मुक्काम आपल्या परिचयाच्या ठिकाणी आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर डेमलो नावाचे स्थानक होते. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. त्या स्थानकावर त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांचे नाव डेमलो संख्या असे ठेवले. अशा संख्येचे तीन भाग असतात. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की जो अंक येतो, तोच मधल्या भागात एकदा किंवा अनेकदा आलेला असतो. २५५३ ही संख्या पाहा. दोन अधिक तीन म्हणजे पाच, आणि मध्ये दोन वेळा पाचच आहेत. याच कुळातील काही संख्या तर फारच देखण्या आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करत नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती एकापासून पायरी पायरीने नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ होते, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग.

कापरेकरांचे नाव ज्या संख्यांना कायमचे जोडले गेले, त्या कापरेकर संख्या याहून निराळ्या आहेत. ४५ ही संख्या घ्या. तिचा वर्ग २०२५. या वर्गाचे २० आणि २५ असे दोन भाग करून त्यांची बेरीज केली की पुन्हा ४५ येतात. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ हे भाग मिळवले की २९७ परत येतात. नियम असा की मूळ संख्येत जितके अंक असतील तितके अंक वर्गाच्या उजव्या भागात घ्यायचे, आणि उरलेले डाव्या भागात.

लहान संख्यांपुरतीच ही गंमत असेल असे कोणास वाटेल, म्हणून एक मोठी संख्या तपासून पाहू. १४२८५७ ही ती सहा अंकी संख्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ इतका होतो. उजवीकडचे सहा अंक वेगळे केले की १२२४४९ आणि २०४०८ असे दोन भाग पडतात. त्यांची बेरीज करा. उत्तर १४२८५७ येते.

हा योगायोग नव्हे. यामागे कारण आहे. १४२८५७ ला ७ ने गुणले की ९९९९९९ मिळतात. त्याच संख्येतून एक वजा केला की १४२८५६ उरतात आणि त्यांना ७ ने निःशेष भाग जाऊन २०४०८ येतात. म्हणून १४२८५७ आणि १४२८५६ यांचा गुणाकार म्हणजेच २०४०८ वेळा ९९९९९९. या गुणाकारात आणखी एकदा १४२८५७ मिळवले की तिचा वर्ग तयार होतो. आता ९९९९९९ हे दहा लाखांपेक्षा फक्त एकाने कमी आहेत. तेव्हा २०४०८ वेळा ९९९९९९ घेणे म्हणजे २०४०८ वेळा दहा लाख घेऊन त्यातून २०४०८ काढून टाकणे. हे वजा झालेले २०४०८ उजव्या भागातून कमी होतात आणि डाव्या भागात जाऊन बसतात. एका भागात जेवढे घटले तेवढेच दुसऱ्या भागात आहे, म्हणून बेरीज मूळ संख्येइतकीच राहते. वरवर चमत्कार वाटणाऱ्या गोष्टीच्या पोटात असा साधा हिशेब असतो.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असे संस्कृत नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १२ ही हर्षद संख्या आहे, कारण एक अधिक दोन म्हणजे तीन, आणि तिनाने बाराला भाग जातो. श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आपण पाहिलेल्या १४२८५७ या संख्येच्या अंकांची बेरीज २७ आहे. २७ ने तिला भागले की बरोबर ५२९१ येतात.

आणखी एका प्रकाराला स्वयंभू संख्या म्हणतात. २१ या संख्येत तिचेच अंक मिळवले की २१ अधिक २ अधिक १, म्हणजे २४ होतात. अशा रीतीने २१ ही २४ ची जननी ठरते. काही संख्यांना एकाहून अधिक जननी असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही. उलट २० ही संख्या अशी कोणत्याच संख्येपासून निर्माण होत नाही. २०, ३१, ४२, ५३ या स्वयंभू संख्या होत. या संख्यांवरची पुस्तिका कापरेकरांनी १९६३ साली देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केली.

स्वतःच प्रसिद्ध केली, असे म्हणण्यामागे एक दुःखाची कथा आहे. आपल्याकडील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. काही जण त्याची थट्टाही करीत. नामवंत नियतकालिकांत त्यांच्या लेखनाला सहसा स्थान मिळत नसे. मग ते पदरचा पैसा खर्च करून पुस्तिका छापून घेत. गणित परिषदांनाही ते स्वखर्चाने जात. शाळेतील शिक्षकाच्या वेतनात हे किती कठीण असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मात्र नाही. कापरेकरांनी शोधलेले बरेचसे गुणधर्म आपण संख्या कशा लिहितो यावर अवलंबून आहेत. आपण दशमान पद्धतीने, म्हणजे दहाच्या पटीत, संख्या लिहितो. तीच संख्या आठाच्या किंवा बाराच्या पटीत लिहिली तर तिचे अंक बदलतात आणि त्यांच्यातील ही नातीही बदलतात. गणितशास्त्राला सर्वसामान्य आणि व्यापक सिद्धांतांची ओढ असते, म्हणून अंकांच्या अशा खेळांना तेथे दुय्यम मानले जाते. तरीही मनोरंजनातून उभा राहिलेला प्रश्न खोल असू शकतो. हे असेच का घडते, याचे उत्तर शोधू लागले की खेळ संपतो आणि गणित सुरू होते. कापरेकरांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाने हे दाखवून दिले.

हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या तयार करावी, चढत्या क्रमाने लिहून लहान संख्या तयार करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तराच्या अंकांवर पुन्हा हीच कृती करावी. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून ते चार अंकी करून घ्यावे. असे करत गेल्यास जास्तीत जास्त सात वजाबाक्यांमध्ये ६१७४ ही संख्या येते. एकदा ती आली की पुढे काहीच बदलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ च उरतात. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊन ही कृती करून पाहू.
९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४
या वाटेने सातही पायऱ्या चढाव्या लागल्या. याहून लांबची वाट कोणत्याही चार अंकी संख्येला नाही.

हे असे का होते, याचा थोडा उलगडा आपणही करू शकतो. पहिली वजाबाकी नीट पाहिली तर तिचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर ठरते. एक, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक. दुसरी, मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर मिळते. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४ आहेत. ८९९१ अधिक ३६० म्हणजे ९३५१. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा नसतो. अशा जोड्या केवळ ५४ होतात. म्हणजे हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीवर ५४ संख्यांमध्ये सामावून जातात. या ५४ संख्या तपासल्या की सर्व वाटा ६१७४ कडेच जातात, हे सिद्ध होते. तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांमध्ये मात्र असे एक ठिकाण नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांनाही असा एकच स्थिरांक लाभलेला नाही. चार अंकी संख्यांचे हे भाग्य काही औरच आहे.

६१७४ ही हर्षद संख्याही आहे. तिच्या अंकांची बेरीज १८. अठराने भागल्यास ३४३ येतात, आणि ३४३ म्हणजे सातचा घन. ज्या संख्येपर्यंत पोहोचण्यास जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, तिच्या पोटात तीन साते दडलेली असावीत, हा मात्र निव्वळ योगायोग.

१९५५ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकात ६१७४ विषयीचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तरीही मोठी कीर्ती यायला आणखी वीस वर्षे जावी लागली. दरम्यान १९६२ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, म्हणून ते मुलांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या देत. पण संख्यांचा नाद सुटला नाही. जादूच्या चौरसांवरही त्यांनी काम केले आणि निकोलस कोपर्निकस या खगोलशास्त्रज्ञाच्या पाचशेव्या जन्मवर्षाच्या, म्हणजे १९७३ च्या, निमित्ताने एक खास चौरस रचला.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या गणितविषयक सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिला. हे सदर अनेक देशांत आवडीने वाचले जाई. ज्या कामाची आपल्या देशात उपेक्षा झाली होती, त्याकडे आता परदेशांतील गणितप्रेमींचे लक्ष वेधले गेले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. परंतु कीर्ती उशिरा आली म्हणून त्यांचे काम कधी थांबले नव्हते, आणि ती मुळीच आली नसती तरीही ते बहुधा थांबले नसते. संख्यांचा सहवास हेच त्यांच्या श्रमांचे वेतन होते.

१९८६ साली कापरेकरांचे निधन झाले. आज कापरेकर संख्या, हर्षद संख्या, स्वयंभू संख्या आणि कापरेकर स्थिरांक यांचा अभ्यास देशोदेशी होतो. संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणारे विद्यार्थी ६१७४ चे उदाहरण सोडवतात.

आता हाती कागद आहेच, तर त्यांच्या निधनाचे साल, १९८६, घेऊन तीच कृती करा. पहिली वजाबाकी ९८६१ उणे १६८९, उत्तर ८१७२. ही संख्या आपल्या ओळखीची आहे. १९०५ पासून निघालेली वाटही दुसऱ्या पायरीवर येथेच आली होती. येथून पुढे दोन्ही वाटा एक होतात आणि ६१७४ पाशी येऊन थांबतात. त्यानंतर आपले जन्मसाल लिहा आणि ते किती पायऱ्यांत तेथे पोहोचते, ते मोजून पाहा. देवळालीच्या त्या शिक्षकाने अशा असंख्य वाटा हातानेच चालून पाहिल्या होत्या.